लेथवरचे हात

"काकू, बांगड्या काढता का जरा? कॅमेऱ्यात चमकतायत."

अनिकेतने हे इतक्या मऊ आवाजात म्हटलं, की वैजयंतीला आधी अर्थच लागला नाही. तिने साडीवरूनच नवऱ्याचा पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता. पदर कमरेला खोचला होता. समोर लेथच्या चकमध्ये, त्या फिरत्या जबड्यात, एबोनाइटचा काळा दांडा आवळून बसवलेला होता. कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात भालचंद्र प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांचा उजवा हात एकसारखा थरथरत होता.

"बाह्या खाली सोडल्यात ना? मग बांगड्या कुठे दिसतायत?" तिने विचारलं.

"दिसतात मधेच. आणि किणकिण ऐकू येते. हात पुरुषाचे वाटायला हवेत ना, काकू. दोनच मिनिटांचं काम आहे."

ती मोरीत गेली. पाटल्या निघाल्या, पण काचेच्या हिरव्या बांगड्या हाताच्या हाडाशी अडून बसल्या. साबण लावून, अंगठा आत दाबून तिने एकेक ओढली. शेवटची बांगडी निघता निघता वाढवली आणि तिचं टोक मनगटावर लाल रेघ ओढून गेलं. नळाखाली हात धरून ती उभी राहिली. लग्नानंतर तिचे हात असे मोकळे कधी झाले नव्हते. लेक झाली तेव्हा, अपर्णाच्या बाळंतपणातसुद्धा नाही.

ती परत आली तेव्हा भालचंद्रांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं? चल मग. उजेड जातोय म्हणतो तो."

तो, म्हणजे अनिकेत, पुण्याहून आला होता. भोपाळमध्ये एक मराठी गृहस्थ हाताने शाईची पेनं बनवतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याला त्यावर फिल्म करायची होती. दोन दिवस तो आणि त्याचा कॅमेरावाला शाहपुऱ्याच्या या घरात वावरत होते. तळ्याकाठी चालणारे भालचंद्र, पेपर वाचणारे भालचंद्र, अंगणात बसून बोलणारे भालचंद्र. बोलायला ते पहिल्यापासून पटाईत. रबरात गंधक घालून ते शिजवत राहिलं की दगडासारखं टणक होतं, तेच एबोनाइट. प्लास्टिकचं पेन हातात परकं वाटतं, हे पेन हाताची ऊब धरतं. हे सगळं ते असं सांगत, की ऐकणाऱ्याने हातातलं पेन नव्याने बघावं. वैजयंतीने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वयंपाकघरात चहा गाळताना पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आधी यायचं.

पहिल्याच दिवशी तिने अनिकेतला चहा देताना सरळ सांगितलं होतं, "ह्यांना आता जमत नाही हो. कंपवात आहे. कित्येक वर्षं झाली, पेनं मीच करते."

"वा! काय साथ आहे!" अनिकेत म्हणाला होता आणि त्याने बशीतला चिवडा तोंडात टाकला होता.

आज त्याला भालचंद्र लेथवर काम करताना हवे होते. नाही म्हणायचं सोडून भालचंद्र उठले. वैजयंती दारात उभी होती. त्यांनी लेथ चालू केला, हत्यार पुढे आणलं आणि हात असा काही उसळला, की हत्यार दांड्यात घुसलं. टाक्‌कन आवाज होऊन दांडा मोडला आणि तुकडा भिंतीवर आपटला. कॅमेरावाल्याने मान खाली घातली. भालचंद्र म्हणाले, "दांडाच खराब आलाय. हल्ली माल असाच येतो."

परक्या पोरांसमोर हा माणूस असा उघडा पडला, हे तिला बघवेना. म्हणूनच अनिकेत हळूच म्हणाला, "काकू, नुसते हातच घेऊ, हात तुमचे, चेहरा काकांचा," तेव्हा ती आत गेली. भालचंद्रांच्या अंगावर होता तसाच दुसरा शर्ट तिने कपाटातून काढला. आपण स्वतः काढला, हे पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

आता लेथसमोर उभं राहिल्यावर मात्र तिला शर्टाचे कफ दिसले. बटणं लावूनही सैल. भालचंद्र मंडीदीपच्या एका कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. घरी मागच्या खोलीत त्यांनी जुना लेथ आणून बसवला, तेव्हा वैजयंतीला त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती पेनाची नव्हती. पूर्ण बाह्या घालून लेथजवळ यायचं नाही. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या माणसाची बाही चकने ओढली होती, पाठोपाठ हात. ते सांगताना भालचंद्रांचा आवाज बदलायचा. एकदा थंडीत ती स्वेटर घालून आत आली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं होतं.

"अहो, बाह्या वर करू का?" तिने विचारलं.

भालचंद्रांनी अनिकेतकडे पाहिलं.

"नको ना, काकू. मघा काकांचा चेहरा घेतला त्यात बाह्या खाली आहेत. लोकांना कळेल."

भालचंद्रांनी तिच्या सैल कफांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांभाळून कर."

तिने लेथ चालू केला. आत कुठेतरी काहीतरी पेटलं होतं, पण हातांना ते कळलं नाही. हात त्यांच्या कामाला लागले. हत्याराची धार दांड्याला टेकली तशी काळी, चकचकीत फीत सुटून वळ्यावळ्यांनी खाली पडू लागली. एबोनाइटला घाई चालत नाही. जोर दिला की तापतं, गंधकाचा वास सुटतो आणि काम बिघडतं. तिने नळी बारीक करत आणली, मधूनच ब्रशने पाणी सोडलं, मग डाय हातात घेऊन आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, अर्धा पुढे. टोपण बसवून फिरवलं, तर ते लोण्यात जावं तसं गेलं. कॅमेरा तिच्या बोटांच्या इतका जवळ होता, की भिंगाच्या काचेत तिला आपली बोटं उलटी दिसत होती.

"कमाल!" अनिकेत म्हणाला. "काका, काय हात आहेत!"

आणि भालचंद्र हसले.

*

फिल्म दाखवायचं ठरलं ते हिवाळ्यात, शहरातल्या मराठी मंडळींच्या सभागृहात. नागपूर-अमरावतीकडून सरकारी नोकऱ्यांपायी आलेली, इथेच निवृत्त झालेली सगळी ओळखीची डोकी होती. भालचंद्रांना पहिल्या रांगेत बसवलं. वैजयंती तिसऱ्या रांगेत, शेजारच्या सिंधूताईंच्या बाजूला. सिंधूताईंनी नवी पैठणी नेसली होती. "आज आमच्या भावजींचा दिवस," त्या येईल त्याला सांगत होत्या.

दिवे गेले. पडद्यावर तळं आलं, धुकं आलं, मग भालचंद्रांचा थरथरणारा हात आला. हातात चहाचा कप, बशीवर कपाचा होणारा टकटक आवाज. शर्टाचं बटण लावताना तीनतीनदा चुकणारी बोटं. सभागृहात कुणीतरी च्‌च्‌ केलं. वैजयंतीला बरं वाटलं. हे तरी खरं दाखवलंय, ती मनात म्हणाली.

मग लेथ फिरू लागला. भालचंद्रांचा चेहरा, डोळे बारीक केलेले. आणि त्याखाली, पांढऱ्या बाह्यांतून बाहेर आलेले दोन हात.

ते हात पडदाभर पसरले. शांत, ठाम, एकही झटका नाही. काळी फीत सुटत होती. बोटं हत्यारावर अशी टेकली होती, जशी लहान मुलाच्या पाठीवर टेकावीत. वैजयंतीने आपले हात काम करताना कधी पाहिलेच नव्हते, म्हणजे असे बाहेरून. इतकं चांगलं करतो आपण? उजव्या मनगटावर, कफच्या कडेशी, बांगडीची लाल रेघ दिसत होती.

आणि वर अनिकेतचा मऊ आवाज आला.

"दिवसभर थरथरणारे हे हात यंत्राला लागतात, आणि एक चमत्कार घडतो. थरथर थांबते. डॉक्टरांकडे याचं उत्तर नाही. उत्तर आहे एका आयुष्याच्या साधनेत."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. फिल्म चालू असतानाच. सिंधूताईंनी पदराने डोळे टिपले आणि वैजयंतीचा हात घट्ट धरला.

"बघ गं, बघ. देव आहे की नाही? घरी पाण्याचा ग्लास धरवत नाही त्यांना, आणि इथे बघ."

"ते माझे हात आहेत," वैजयंती म्हणाली.

"हो गं बाई, तुझेच. बायकोचा हात पाठीशी असल्याशिवाय होतं का हे सगळं?"

"सिंधूताई, ते माझे हात आहेत. हे." तिने आपले दोन्ही हात वर धरले. अंधारात सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पडद्याकडे बघत रडत होत्या.

दिवे आले. पाहुण्यांनी भालचंद्रांना शाल घातली, हातात नारळ दिला. निवेदक बाईंनी विचारलं, "काका, सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आहे. लेथवर बसलं की नेमकं काय होतं तुम्हाला?"

भालचंद्रांच्या हातात माइक थरथरत होता. वैजयंती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनीही तिला पाहिलं. तिसऱ्या रांगेपर्यंत त्यांची नजर आली, थांबली आणि परत गेली.

"काय सांगू," ते म्हणाले. "हातांना सवय असते. बाकी परमेश्वराची कृपा. आणि आमच्या हिचंही श्रेय आहे. वेळी-अवेळी चहा देते बिचारी."

लोक हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. वैजयंती उठली. गुडघ्यांना गुडघे घासत, कुणाच्या चपलेवर पाय देत ती रांगेतून बाहेर पडली. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ जाना है, अम्मा?" तिने शाहपुरा म्हटलं आणि बसली. "प्रोग्राम ख़तम हो गया?" त्याने मान वळवून विचारलं. "मेरा हो गया," ती म्हणाली.

*

भालचंद्रांना सिंधूताईंच्या यजमानांनी गाडीतून आणून सोडलं. दिवेलागण व्हायची होती. शाल खांद्यावर तशीच होती.

"मला तिथे एकट्याला टाकून आलीस? लोक विचारत होते. मी काय सांगायचं?"

"सांगायचं, चहा ठेवायला गेली."

ते खुर्चीवर बसले. "हे बघ, ते बोलण्याच्या ओघात..."

"ओघात?" वैजयंती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. तो कापरा झाला होता आणि त्याचाही तिला राग येत होता. "तुमचं दुखणं वाढलं तेव्हा पहिलं पेन मी एकटीने पुरं केलं. तुम्ही म्हणालात, सांगायचं कशाला, पेन चांगलं झालंय ना? मला वाटलं, खरंच, सांगायचं कशाला. घरातलंच आहे. त्यावर तुमचं नाव कोरलं, तेही मीच. प्रत्येक पेनावर कोरलं. कधी म्हटलं का मी, की माझं कोरा?"

"मग आता काय झालं एवढं?"

"आता तुम्ही माझे हात घेतलेत! नाव घेतलंत, ठीक. काम घेतलंत, ठीक. तुम्ही हजारदा पाहिलेल्या माझ्या हातांना आज लोकांनी तुमचे हात म्हणून टाळ्या दिल्या, आणि तुम्ही शाल पांघरून बसलात. साधना म्हणे! तुमची साधना माझ्या मनगटातून वर आली का हो?"

"ते मी नाही लिहिलं. त्या पोराने लिहिलं."

"त्या बाईंनी तुम्हाला विचारलं. तुमच्या हातात माइक होता. तुम्ही मला पाहिलंत."

नारळ त्यांच्या मांडीवर हलत होता. भालचंद्र अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बटण लावता येत नाही मला. तू लावतेस. घास सांडतो. सही जमत नाही, बँकेत अंगठा घेतात, टर्नर भालचंद्र पिंपळापुरेचा अंगठा. एवढं एक पेनांचं राहिलं होतं. बाकी माझं काय राहिलंय, सांग?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने नारळ त्यांच्या मांडीवरून उचलला असता, पाणी दिलं असतं. ती पाघळली असती. आज ती म्हणाली,

"तुमचं काही राहिलं नाही, म्हणून माझं घ्यायचं?"

ती वळली. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी हैदराबादहून अपर्णाचा फोन आला. सिंधूताईंच्या लेकीने, अश्विनीने, तिला फिल्म पाठवली होती. "आई, बाबा फार हर्ट झालेत. जाऊ दे ना. आपल्याला घरात सगळ्यांना माहीतच आहे की तू करतेस."

"तुला माहीत आहे?"

"अगं, म्हणजे काय! नेहमीपासून."

"मग तू तुझ्या ऑफिसात वाटलीस ती पेनं, तेव्हा कुणी केली म्हणून सांगितलंस?"

"ती गोष्ट वेगळी आहे, आई," अपर्णा म्हणाली.

"सगळ्यांचीच गोष्ट वेगळी असते," वैजयंती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग तिने अनिकेतला लावला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो वाकबगार होता. "काकू, मी समजू शकतो. पण फिल्म आता लॉक झालीय, काही बदलता येणार नाही, बाहेर महोत्सवांना गेलीय. आणि खरं सांगू का, ती खोटी नाहीये. भावनेच्या पातळीवर ती खरीच आहे."

"म्हणजे खोटी."

"काकू, तसं नाही..."

"कफ सैल होता," ती म्हणाली. "चकमध्ये गेला असता तर हात गेला असता माझा. मग कुणाचा गेला म्हणून सांगितलं असतंस रे?"

फोन मध्येच तुटला. नेटवर्क गेलं की त्याने कापला, कोण जाणे.

*

फिल्म मोबाइलांवर फिरू लागली तशी घरात फोनची रीघ लागली. जबलपूर, इंदूर, पार कोचीन. सगळ्यांना त्या चमत्काराच्या हातांचं पेन हवं होतं. भालचंद्र फोन घेत आणि "हो, हो, जरूर" म्हणत. वैजयंती भाजी चिरत ऐकत असे.

"किती जणांना हो म्हटलंय मी," एकदा ते चाचरत म्हणाले.

"करा की मग."

किल्ली देवघराच्या फळीवर उघडी पडलेली असे. ती तिने लपवली नव्हती. कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये, हे तिला सांगायचंच नव्हतं. घरात दोघंच, तरी दोघांच्या मध्ये कुणी तिसरं राहायला आल्यासारखं झालं होतं. ती त्यांचं बटण लावून देई, घास भरवी, औषध देई आणि यातलं काहीही करताना त्यांच्या तोंडाकडे बघत नसे. हात मोकळे बसले की शिवशिवत. कुलपाच्या आत सुंदर तपकिरी लहरींचे दांडे आणून ठेवलेले होते, ते आठवत. मग तिला आणखी संताप येई. राग तिचा, आणि शिक्षाही तिच्याच हातांना.

दुपारी भालचंद्र मोबाइल घेऊन बसत. आवाज बारीक केलेला, पण तिला कळायचं. लेथचा आवाज कळायचा. पुन्हा पुन्हा तेच. एवढ्या टाळ्यांनी पोट भरलं नाही यांचं, ती मनात म्हणे.

एका दुपारी ती कणीक मळत होती, तेव्हा मागून खराखुरा लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

तिचे हात परातीत थांबले. तिने देवघराकडे पाहिलं. फळीवर किल्ली नव्हती. लेथ फिरत होता, हत्यार अजून लागलं नव्हतं. जावं, थांबवावं. पण ती उठली नाही. करू देत, तिच्या मनात कडकडून आलं, कळू दे एकदाचं. मग हत्यार दांड्याला लागलं. आधी एक लांब, स्वच्छ आवाज आला. क्षणभर तिला खरंच वाटलं, की जमलं. आणि लगेच तो ओळखीचा कर्कश खरखराट, टाक्‌कन मोडल्याचा आवाज, आणि काहीतरी पत्र्यावर आपटलं.

कणकेने भरलेल्या हातांनीच ती धावली.

भालचंद्र उभे होते. त्यांनी लेथ बंद केला होता. कुठे लागलेलं नव्हतं. बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडून घेतल्या होत्या, वेड्यावाकड्या. त्या दुमडायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे तिला बघताक्षणी कळलं. टेबलावर चार-पाच मोडके तुकडे पडले होते. म्हणजे आज पहिला दिवस नव्हता. ती बाजारात गेली की ते येत असले पाहिजेत.

"जीव द्यायचाय का?" ती ओरडली. "काय चाललंय हे?"

"मला वाटलं, थांबेल," भालचंद्र म्हणाले.

"काय थांबेल?"

"थरथर." त्यांनी आपला हात स्वतःच्या नजरेसमोर धरला. तो पाखरासारखा फडफडत होता. "इतक्यांदा बघितलं ना त्यात. हात लागला की थांबते. लोक फोन करतात, रडतात, म्हणतात आमच्या वडिलांना दाखवलं. मला वाटायला लागलं, माझंच असेल. पहिल्यांदा हत्यार लागलं तेव्हा तर..."

"ते माझे हात होते हो."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे, तर मग?"

"माहीत आहे," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा चेहरा शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखा झाला होता. "माहीत असून वाटलं."

वैजयंती उभी राहिली. आतला राग कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता, छातीशी, घट्ट. पण त्याच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं आणि दोघांनाही जागा होती. या माणसाला तिने उद्या माफ केलं, तरी ती गोष्ट झालेली राहणार होती. तिने केर काढायचा ब्रश घेतला आणि चकभोवतीचे तुकडे झाडू लागली.

"बाहेर बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला काम करू दे."

"करतेस?"

"तुमच्यासाठी नाही. आणि ऐकून ठेवा, नाव कोरणार नाही यापुढे. कुणाचंच."

भालचंद्रांनी मान हलवली. खुर्ची ओढत ओढत ते बाहेर गेले आणि दाराच्या तोंडाशीच बसले.

*

आठवडाभराने करोंदच्या मंडीतला एक माणूस आला. धान्याच्या आडतीवर काम करणारा, डोक्याला मफलर, खिशावर शाईचे डाग. रुमालात गुंडाळून त्याने एक जुनं काळं पेन आणलं होतं, वडिलांचं. टोपणाला चीर गेली होती. दाराशी भालचंद्रांना बघताच तो वाकला आणि त्याने त्यांचे पाय धरले.

"साहब, वीडियो देखा। तीन बार देखा। घर में सब रोए।" तो हात जोडून उभा राहिला. "पेन तो बहाना है। एक बार वो हाथ देखने थे।"

आत लेथ बंद होता. वैजयंती नळीला ओला पॉलिश पेपर घासत होती. तिने ते ऐकलं आणि तिचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही. आता हसतील, तिला वाटलं. आता परमेश्वराची कृपा येईल. तिने दात आवळून धरले.

"वो हाथ अंदर हैं," भालचंद्र म्हणाले.

"जी?"

"अंदर। मैडम के पास। वीडियो में उन्हीं के हैं।" त्यांचा आवाज घोगरा झाला. "जाइए।"

खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. दाराच्या तोंडाशी ठेवलेली खुर्ची भालचंद्रांनी स्वतः उठून, ढकलत ढकलत, भिंतीकडे सरकवली.

तो माणूस आत येऊन गोंधळून उभा राहिला. त्याने लेथकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे, तिच्या काळ्या झालेल्या बोटांकडे, कोपराशी सारलेल्या बांगड्यांकडे. त्याला काय म्हणावं सुचेना. पाया पडावं की नाही, तेही त्याला ठरवता येईना.

"बैठिए," ती म्हणाली. "पेन दिखाइए।"

त्याने रुमाल उलगडला. तिने टोपण उजेडाकडे धरलं आणि चिरेवरून नख फिरवलं. उघड्या दारातून बाहेरचं अंगण दिसत होतं. भिंतीलगत, उन्हात, भालचंद्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.